वालूरच्या मॅडम आणि पूजेतलं यंत्र

आमच्या कंपनीच्या दर्शनी हॉलमधी काचेमागं एक पेरणीयंत्र उभं आहे. लाल रंगाचं, चकचकीत. त्याला रोज सकाळी उदबत्ती ओवाळतात. तिथून जाताना मी तोंड फिरवतो आणि फाटकाबाहेर गेलो की थुंकतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला तंबाखूचा नाद आहे. तंबाखू मी कवाच सोडली. ते यंत्र बघून तोंडाला जे येतं ते गिळवत नाही, एवढंच.

मी चौथी शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी माझं शुद्धलेखन तपासत बसू नये. जातीचा लोहार. लहानपणी भाता ओढला, पुढं वेल्डिंग शिकलो आणि परभणीच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं करणाऱ्या या कंपनीत नव्या मालाच्या शेडचा मिस्त्री झालो. नवा माल म्हणजे अजून बाजारात न गेलेलं यंत्र. शेठच्या डोक्यात यायचं, मी उभं करायचो. नकाशा कागदावर कमी आणि जमिनीवर खडूनं जास्त. माझ्या हातचं यंत्र वाईट आहे असं माझ्यासमोर म्हणायची कुणाची छाती झाली नाही. वालूरच्या मॅडम येईपर्यंत.

त्यांचं नाव प्रज्ञा. वालूरच्या एका मास्तरांची लेक. शिकून इंजिनियर झाल्या, पुण्याकडं मोठ्या कारखान्यात राहिल्या आणि मग आमच्या नशिबाला आल्या. झालं असं, की शेठ कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना लीन नावाची पद्धत घेऊन आले. नवा माल तयार करताना गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही ते सगळं काढून टाकायचं, थोडक्यात करून बघायचं, चुकलं तर लवकर मोडायचं आणि परत करायचं, असं ते आहे. शेठनं आधी भिंतीवर पाट्या लावल्या. ‘फालतू काढा.’ ‘एका कामाला दोनदा हात नको.’ पाट्या लावायचा समारंभ झाला, हार झाले, समोसे झाले, टाळ्या झाल्या. फालतू काढायचं म्हणून एवढं फालतू एका दिवसात केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. पाट्या लागल्यावर शेठच्या ध्यानात आलं की हे करणार कोण? म्हणून मॅडमला आणलं.

अंगानं बारीक. पायात गडी घालतात तसले जाड बूट, आणि लॅपटॉपच्या पिशवीत खुरपं. खरं खुरपं, मुठीचं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. मीटिंगमधी बोलायच्या ते पुस्तकासारखं, ‘आहे’, ‘नाही’, ‘आपण पाहूया’. पण राग आला किंवा आनंद झाला की एकदम वालूरच्या व्हायच्या. चहा बशीत ओतून, फुंकून प्यायच्या. हसताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायच्या, त्यामुळं कपाळाला कायम ग्रीसचा डाग.

आल्या आल्या त्यांनी माझ्या कोपऱ्यावर धाड घातली. माझ्या शेडच्या कोपऱ्यात जुने गिअर, तुटके शाफ्ट, चाकं, साखळ्या असा नोकरीभर जमवलेला माल होता. सकाळी येऊन बघतो तर सगळ्यावर लाल चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

“मामा, हे कशाला ठेवलंय?”

“लागतंय कवातरी.”

“शेवटचं कवा लागलं?”

“तुमी जन्मल्या नव्हत्या तवा.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “मग आता जन्मले की मी! काढायचं का?”

“न्हाई.”

“मामा, याच्यानं दाणा मातीत पडतो का?”

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. कुठलीही वस्तू दाखवा, कुठलंही काम सांगा, त्या हेच विचारणार. यानं दाणा मातीत पडतो का? पडत असला तर ठेवा, नाही तर काढा. मला तो प्रश्न विंचवासारखा डसायचा, कारण उत्तर मला बी ठाऊक असायचं. माझा कोपरा त्यांनी रिकामा केलाच. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यातला एक गिअर पुढं लागला असता, हे मी आजबी म्हणतो.

पण एक मानलं पाहिजे. तो प्रश्न त्या मला विचारायच्या तसाच वरच्या लोकांनाबी विचारायच्या. शेठला रंगाचा तिसरा हात पाहिजे होता, चमक यावी म्हणून. “यानं दाणा मातीत पडतो का, सर?” शेठ हसले, पण तिसरा हात बंद झाला. आमच्याकडं विक्रीचे साहेब आहेत, विलासराव. शेठचे मेहुणे. पांढरे बूट घालणारा आणि अत्तराचा वास पुढं पाठवून मागून येणारा माणूस. ते दर सोमवारी अर्धा दिवस मीटिंग घ्यायचे आणि त्यात एकटेच बोलायचे. मॅडम एका सोमवारी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाल्या, “विलासराव, या मीटिंगनं दाणा मातीत पडतो का?” विलासरावाच्या तोंडातला समोसा तिथंच थांबला. लोक खाली माना घालून हसले. पण विलासराव हा माणूस हसून सोडून देणाऱ्यातला नव्हता, हे मला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघून कळलं.

त्या वर्षी शेठला सोयाबीनसाठी नवं पेरणीयंत्र काढायचं होतं, ट्रॅक्टरमागं चालणारं. पुढच्या जूनच्या पेरणीला ते शेतकऱ्यांच्या रानात जायचं, असं ठरलेलं. मी म्हणालो, लोखंड मागवा, मी लागतो कामाला. मॅडम म्हणाल्या, आधी पुठ्ठ्याचं करू.

“पुठ्ठ्याचं?”

“व्हय मामा. खोक्याचं. बांबू लावू. चुकलं तर कात्रीनं कापता येतं.”

मला एवढा संताप आला! लोहाराच्या पोरानं म्हातारपणी खोकी चिकटवायची? पण त्या स्वतः खाली बसल्या, खळ लावली, बांबू बांधले आणि ते लेकरांच्या खेळण्यासारखं यंत्र दोरी लावून कंपनीच्या आवारात ओढत निघाल्या. कामगार शिट्ट्या मारायला लागले. विलासराव मोबाइलवर व्हिडिओ काढायलेत. मॅडम मधीच थांबल्या आणि म्हणाल्या, “मामा, ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला बियाण्याची पेटी दिसतच न्हाई की हो! संपली का भरली, कळणार कसं?” मी बघितलं. खरंच दिसत नव्हती. त्यांनी कात्री घेतली, पेटीला समोरून खिडकी पाडली आणि पुढं चालू लागल्या. पुढं लोखंडाचं केलं तवा मी खिडकी ठेवूनच केलं.

खरं काम झालं ते चुडाव्याला. तिथल्या गणपतरावांचं मुगाचं रान मोकळं झालं होतं. मॅडमनी त्यांना विनवून एक पट्टा मागून घेतला आणि त्यावर टँकरनं पाणी सोडायला लावलं. गणपतराव म्हणाले, “मॅडम, कंपनीवाले तर कोरड्यात चालवून दाखवतेत.”

“जूनमधी तुमी कोरड्यात पेरता का, काका?”

“कुठलं! चिखल सुकून वापसा नीट यायच्या आधीच घुसतो आमी. शेजाऱ्याची पेरणी झाली की घरात बसवत न्हाई.”

“मग तसंच बघू.”

यंत्र चाललं. माझं यंत्र, माझ्या हातचं वेल्डिंग. बघायला लय देखणं चालत होतं. मॅडम मात्र यंत्राकडं बघतच नव्हत्या. त्या मागून गुडघ्यावर रांगत खुरप्यानं तास, म्हणजे यंत्रानं पाडलेली पेरणीची ओळ, उकरत निघाल्या. गणपतरावांची मालकीण त्यांच्याबरोबर वाकून बघायली. थोड्या वेळानं ती बाई ओरडली, “आता गं बया! ह्या तासात तर दाणाच न्हाई!”

ट्रॅक्टर थांबवला. बियाणं ज्या नळीतून खाली येतं तिचं तोंड काळ्या चिखलानं गच्च बुजलं होतं. वर पेटी भरलेली, खाली तास रिकामा, आणि चालवणाऱ्याला पत्ता नाही. मॅडम चिखलात उभ्या राहून टाळ्या पिटायल्या. “सापडलं, मामा! सापडलं!”

मी चिडलो. “माझ्या यंत्रात खोट निघाली अन् तुमी नाचायलात?”

“अवो मामा, आज चुडाव्यात निघाली म्हणून नाचायले. जूनमधी लोकांच्या रानात निघाली असती तर रडले असते.”

त्यांनी माझ्या खिशातला खडू काढला आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवर रेघ ओढली. इथं कापायचं, नळ्या वीतभर मागं घ्यायच्या, तोंड तिरपं करायचं. बरोबर होतं. मला पटलं, आणि पटलं याचाच जास्त राग आला. दसरा तोंडावर होता. मी म्हणालो, सण झाला की कापतो. दसऱ्याला मॅडम आईवडलांना घेऊन दरसालसारख्या नागपूरला दीक्षाभूमीला गेल्या.

आता आमच्या कंपनीची एक रीत सांगतो. म्हाताऱ्या शेठपासून, म्हणजे शेठच्या वडलांपासून चालत आलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, अवजारांची पूजा होते तवा एक नवं यंत्र मधोमध बसवतात. पूजेला बसलं की त्या सालचा माल तोच पक्का. मग त्याला करवत नाही, कापायचा गॅस नाही, काही नाही. बाहेरगावचे दुकानदार त्या दिवशी येतात, बघतात, मागणी देतात. शेडमधी दुसरं काही तयार नव्हतं. विलासरावांनी चुडाव्याहून आलेलं तेच यंत्र धुऊन घेतलं आणि त्याला लाल रंग मारला. तिसरा हातसुद्धा मारला.

मी सांगितलं, “साहेब, हे कापायचं राहिलंय. तोंड बुजतंय याचं.”

“मिस्त्री, सणासुदीला कापायची भाषा तोंडातून काढू नका.”

शेठच्या आईनं ओवाळलं. हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, झेंडूच्या माळा पडल्या. विलासराव यंत्राला हात जोडून डोळे मिटून उभे, आणि एक डोळा फोटोवाल्याकडं किलकिला. देवासमोर एवढं ओंगळ तोंड मी दुसरं बघितलं नाही.

मॅडम परत आल्या, यंत्राला फेरी मारली आणि मला विचारलं, “मामा, माझी रेघ कुठंय?”

“रंगाखाली.”

त्या तडक शेठच्या केबिनला गेल्या. मलाही हाक मारली, म्हणून मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी चुडाव्याचं सगळं सांगितलं. शेठ मान हलवत होते. मग विलासराव म्हणाले, “मॅडम, तुमच्यात नसंल, आमच्यात पूजेच्या वस्तूला गॅस लावत न्हाईत.”

शेठ टेबलावरच्या काचेकडं बघायला लागले. मॅडमचा चेहरा हलला नाही, पण बोलणं पुस्तकातलं राहिलं नाही.

“विलासराव, चुडाव्याच्या तासात दाणा पडला न्हाई. तो तुमच्यात बी पडला न्हाई अन् आमच्यात बी पडला न्हाई.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “शेठ, माझ्या घरात खांडेनवमीला घण पुजतेत अन् सण सरला की त्यालाच हातात घेतेत. दांडा ढिला असंल तर काढून नवा ठोकतेत. देव रागावल्याचं अजून ऐकलं न्हाई.”

“मिस्त्री, तुमी बाहेर चहा घ्या,” शेठ म्हणाले.

मी गेलो नाही. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे सर. हे मोडायचं नसेल तर राहू द्या. दुसरं एक करू. जूनला वेळ आहे.”

तवा शेठ हसतच म्हणाले, “मॅडम, एका कामाला दोनदा हात नको, हे तुमच्याच पद्धतीत आहे ना? भिंतीवर लिहिलंय आपण.”

पद्धत शिकवणाऱ्याच्याच तोंडावर पद्धत मारली! चूक दुरुस्त करणं हे फालतू, आणि चूक विकणं हे काम. पाट्या कशासाठी लावतात ते मला त्या दिवशी कळलं.

रब्बीला त्याच मापाची दोन-चार यंत्रं करून ज्वारी-हरभरा पेरून बघितला. रान तितकं ओलं नव्हतं, कुठं बुजलं नाही. विलासराव पेढे वाटत फिरले. मॅडम मात्र रोज सकाळी उभ्यानं व्हायच्या मीटिंगला तेच एक वाक्य बोलायच्या, “ओल्या रानात तोंड बुजतं.” आधी लोक ऐकायचे. मग मोबाइल बघायला लागले. मग विलासराव त्यांच्या बोलण्याची नक्कल करायला लागले आणि लोक हसायला लागले. ज्यांना त्यांनी शेजारी बसवून काम शिकवलं ते बी हसायचे. मी वय झालेला माणूस, पण एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची.

जून आला. तसलीच यंत्रं विकत घेऊन लोक ओल्यात घुसले, घुसणारच होते. आठवडा लोटला आणि फोन सुरू झाले. रानात एक तास उगवलेला, एक मोकळा. विलासराव सगळ्यांना ठोकून द्यायचे, बियाणं खराब आहे, ड्रायव्हरला अक्कल नाही. मग शेठनं दुकानदारांना बोलावून घेतलं आणि मॅडमना सांगितलं, रान जास्त ओलं होतं एवढं तुम्ही समजावून सांगा, तुमच्यावर लोकांचा भरवसा आहे.

मॅडम उभ्या राहिल्या. मी मागं पाण्याच्या टाकीजवळ होतो.

“रान ओलं होतं, कारण पेरणी ओल्यातच होते,” त्या म्हणाल्या. “बियाणं चांगलं होतं. ड्रायव्हर बरोबर होते. दोष यंत्रात आहे. आणि तो आम्हाला दसऱ्याच्या आधीपासून माहीत होता.”

त्याच दिवशी त्यांना काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खुर्ची ऑफिसच्या बाहेर व्हरांड्यात ठेवलेली, आणि पाठीवर लाल चिठ्ठी चिकटवलेली. तीच चिठ्ठी, फालतू सामानावर लावायची. येणारे-जाणारे बघून हसत होते. विलासराव दारात चहा पीत उभे होते. मी चिठ्ठी काढली, त्यांच्या कपात टाकली आणि शेडमधी निघून गेलो. मला काढलं नाही. काढलं तर बाहेर जाऊन बोलंल, ही त्यांना भीती. पुढं परत आलेली यंत्रं माझ्याच शेडमधी आली. ती पूजेची नव्हती ना, मग त्यांना गॅस चालतो! कुठं कापायचं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही. आता त्याच मालावर ‘सुधारित’ असं लिहून विलासराव विकतात. हॉलमधलं तेवढं तसंच आहे, तोंड बुजणारं, उदबत्तीच्या धुरात.

मॅडम त्यानंतर मला एकदाच दिसल्या. खुर्ची बाहेर ठेवली त्याला फार दिवस झाले नव्हते. राणीसावरगावहून एक यंत्र परत आणायचं म्हणून कंपनीची पिकअप निघाली होती. मागं मी, पुढं ड्रायव्हरजवळ विलासराव. गावाच्या अलीकडं एका रानात बाया वाकून काम करायल्या होत्या. सोयाबीनचे मोकळे राहिलेले तास हातानं भरायचं काम. त्यात मला ते जाड बूट दिसले. डोक्याला रुमाल, हातात खुरपं.

मी पिकअपच्या टपावर थाप मारली. गाडी थांबली. विलासरावांनी बघितलं, ओळखलं आणि काच वर केली. “चल रे, उशीर व्हायलाय.”

“तुमी व्हा पुढं,” मी म्हणालो आणि उतरलो.

रानाच्या बांधाला, धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. मॅडमनी मान वर केली, कपाळावर चिखलाचा हात मारला.

“मामा! तुमी इकडं कुठं?”

“यंत्र न्यायला. तुमी इथं काय करायल्या?”

“सोयाबीन टाकायला आता उशीर झाला. तूर टोकायले.”

“हे रान कुणाचं?”

“या रानाच्या मालकानं यंत्र माझ्या शब्दावर घेतलं होतं, मामा. दुकानात मला विचारलं होतं पाडव्याला. मी तवा म्हणाले होते, थांबा, ते दुरुस्त होऊन येईल. शेठ जूनच्या आधी ऐकतील असं वाटलं होतं मला. ते थांबले. दुकानदारानं दुरुस्त झालंय म्हणून तेच दिलं.”

मी खाली उकिडवा बसलो. “असं किती जणांचं रान भरत फिरणार तुमी?”

पुढं गेलेली एक म्हातारी बाई वळून ओरडली, “ए इंजिनेर बाई, गप्पा मारायलीस व्हय? अन् मुठीनं नको टाकू गं, दोन दाणे टाक, दोन!”

“व्हय मावशी, दोनच टाकते.”

आणि त्या वाकल्या. खुरप्यानं माती उकरली, दाणे टाकले, तळव्यानं माती दाबली, एक पाऊल सरकल्या. हात सावकाश होता. या कामाची सवय नव्हती. बाकीच्या बाया बघता बघता तास संपवून पलीकडच्या धुऱ्यावर पोचल्या, पदरानं तोंड पुसून पाणी पिऊ लागल्या, त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलून हसल्या. पिकअपचा हॉर्न वाजत होता. त्या मधोमध एकट्याच राहिल्या होत्या, तासातलं निम्मं टोकायचं अजून बाकी होतं, आणि त्या मान वर न करता माती दाबत होत्या.